बुलेटचा ऑइल टेंपरेचर मीटर: तेलापेक्षा मीच जास्त तापलो

मीटरच्या काचेत आतून पुन्हा दव धरलं, म्हणून आज लिहायला बसलोय. नाहीतर गेल्या उन्हाळ्याच्या आधी बसवलेला हा मीटर, आता दुसरा पावसाळा चालू आहे, आणि मधले काही महिने मी याचं तोंडभरून कौतुक करत हिंडत होतो. ते कौतुक सगळं मागे घेत नाही. पण काचेबद्दल बोलल्याशिवाय राहवणार नाही.

मीटर कोणता ते वर्णनावरून ओळखाल. काळा, गोल, हँडलच्या क्लॅम्पला बसणारा, निळ्या उजेडाचा. असे मीटर चार-पाच नावांनी विकले जातात आणि आतला माल एकाच ठिकाणचा असावा अशी मला दाट शंका आहे. मला २२०० ला पडला, सेन्सर आणि ड्रेन बोल्टचे, म्हणजे इंजिनच्या बुडाशी तेल काढायचा जो बोल्ट असतो त्याचे, ॲडॉप्टर धरून. खोक्यावर थेंबाचं चित्र आणि त्याखाली ठळक ‘आयपी ६७’, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही असा दावा. ते थेंबाचं चित्र लक्षात ठेवा.

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, जुन्या यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात) इंजिनची, ३४६ सीसी, एअर-कूल्ड. इंजिन किती तापलंय हे सांगणारं काहीही गाडीवर नसतं. पायाला चटका बसतो तेवढंच मोजमाप. तो चटका हेडचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या डोक्याचा, आणि सायलेन्सरचा, त्यावरून आतल्या तेलाचं काही कळत नाही. एप्रिलमध्ये पुण्याहून घरी साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढायचो, मागे बायको, पुढे टाकीवर पिशवी, आणि पलीकडे वेळे गावात उतरेपर्यंत माझं लक्ष रस्त्यापेक्षा इंजिनच्या आवाजाकडे. त्या धास्तीपोटी हा खर्च केला.

स्वस्तातला पर्याय होता. तेल भरायच्या झाकणाच्या जागी बसणारा काट्याचा थर्मामीटर, वायर नाही, बॅटरी नाही. एका मित्राच्या गाडीला आहे. पण आकडा बघायला चालत्या गाडीवर मान गुडघ्यापर्यंत वाकवायची आणि समोरून एसटी येतेय. शिवाय तो झाकणापाशी जे लागेल त्याचं तापमान दाखवतो, नुसते शिंतोडे लागले तर शिंतोड्यांचं. ड्रेन बोल्टमधला सेन्सर कायम तेलात बुडालेला असतो, म्हणून मी तो घेतला. स्पार्क प्लगच्या वायसरखाली बसणारे सेन्सरही याच्याच शेजारी विकायला असतात. ते हेडचं तापमान सांगतात, तेलाचं नाही, आणि ते आकडे बघून बरेच जण घाबरतात. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघायच्या भानगडीत पडू नका.

बसवायला गोडोलीतल्या एका गॅरेजवर गेलो. मेकॅनिकचा पहिला प्रश्न, “दादा, ताप मोजून काय करणार? क्रोसिन देणार का गाडीला?” त्याला हसू दिलं. ॲडॉप्टरचे आटे आधी हातानं लावून बघायचा आग्रह मात्र मी सोडला नाही. पाना लावायच्या आधी बोल्ट बोटांनी तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर पिच, म्हणजे आट्यांमधलं अंतर, वेगळी आहे, थांबायचं. तेल साठतं ते इंजिनचं चेंबर ॲल्युमिनियमचं, तिथले आटे गेले की लेथवाल्याकडून बुश मारून घ्यायचा, आणि त्याचं बिल मीटरच्या किमतीला मागे टाकतं. तांब्याचं वायसर नवीन घाला. जुनं दाबून चपटं झालेलं असतं, आणि ते किती रुपयांना येतं हे लिहायचीही लाज वाटावी.

एका गोष्टीवरून आमची तिथेच जुंपली. त्यानं सवयीनं सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळायला घेतली. हा सेन्सर एका वायरचा आहे. त्याची अर्थिंग इंजिनच्या अंगातूनच मिळते. मध्ये टेप आली की अर्थिंग कच्ची होते आणि आकडा खराखुरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो, म्हणजे आपण उगाच निर्धास्त. आत एनटीसी जातीचा थर्मिस्टर असतो. तेल तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स घटतो, त्यामुळे वाटेत कुठेही जादा रेझिस्टन्स आला की मीटरला वाटतं तेल थंड आहे. टेप काढायला लावली. तोंड वाकडं करून काढली.

बसवायच्या आधी घरी सेन्सर तपासून घेतला होता. जुनी बारा व्होल्टची बॅटरी ओट्यावर, सेन्सरच्या पितळी अंगाला मायनसची वायर, आणि टोक उकळत्या पाण्यात, पातेल्याच्या बुडाला न लावता. मीटर ९६ वर थांबला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय की उकळत्या पाण्यात १०० दाखवलं नाही तर सेन्सर खराब. हे लिहिणारा मुंबईचा असणार. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच, इथे पाणी ९८ च्या जरा अलीकडेच उकळतं. म्हणजे फरक दोनेक अंशांचा, या किमतीत उत्तम. आईनं ते पातेलं अजून चहाला घेतलेलं नाही, सेन्सर कोरा होता हे शंभरदा सांगूनही.

आता वापर. पहिला उन्हाळा मजेत गेला. हायवेला ऐंशीच्या वेगानं शांत चालवली की ९८ ते १०४ च्या आसपास. खंबाटकीच्या चढावर, दोघं आणि सामान, दुपारच्या उन्हात ११५. पसरणी घाटात उसाच्या ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर रखडत गेलो तेव्हा १२१, हा मी पाहिलेला सगळ्यात मोठा खरा आकडा. चांगल्या १५डब्ल्यू५० तेलाला एवढ्यानं काही होत नाही. १३० च्या वर बराच वेळ राहिला असता तर गाडी सावलीला लावली असती. तेवढी वेळ आलीच नाही. माझी वर्षानुवर्षांची धास्ती दोन महिन्यांत फोल ठरली, आणि तेव्हा वाटलं की २२०० पाण्यात गेले. ज्याची भीती नाही ते मोजायचं कशाला?

मग हिवाळा आला आणि मत फिरलं.

माझं रोजचं जाणं-येणं शाहूपुरीतून एमआयडीसीपर्यंत. डिसेंबरात सकाळी गाडी सुरू केली की मीटर १८-१९ पासून निघायचा आणि कंपनीच्या गेटवर पोचेपर्यंत साठ-पासष्टच्या पुढे जायचाच नाही. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर (चौकाखालून जाणारा रस्ता) झाल्यापासून तर तिथे थांबून जे काही तापायचं तेही बंद. हेड हाताला चांगलं गरम, चोक केव्हाच बंद केलेला, गाडी मऊ चालतेय, आणि तेल मात्र अजून अर्ध्या झोपेत. तेलाच्या डब्यावरचा ५० हा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा आहे. त्या तापमानाला ते १६.३ ते २१.९ सेंटीस्टोकमध्ये (हे दाटपणाचं माप) बसलं पाहिजे. साठ अंशांना तेच तेल त्याच्या कितीतरी पट घट्ट असतं. आणि मी तोवर कितीदा पहिल्या पाच मिनिटांत पिकअप बघायला मूठ पिळलेली, ते आठवलं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरते. तेल शंभरीच्या जवळ गेलं की ती उडून ब्रीदरमधून, म्हणजे चेंबरच्या हवेच्या नळीतून, बाहेर पडते. साठवरच गाडी रोज बंद होत असेल तर ती तिथेच पाणी होऊन तेलात घोटली जाते. जानेवारीत तेल भरायचं झाकण उघडलं तर आतून पांढरट पिवळा चिकट थर. सर्व्हिस सेंटरवाल्यानं हाच थर आदल्या वर्षी दाखवून ‘तेलच खराब आहे’ म्हणत मुदतीआधी तेल बदलायला लावलं होतं! तेल बरं होतं. माझी फेरीच अपुरी पडत होती.

तेव्हापासून दुधाला, भाजीला, राजवाड्यापर्यंत बुलेट बंद, सायकल काढतो. आणि रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासकडे फेरी, मीटर पंचाण्णवच्या वर अर्धा-पाऊण तास राहील एवढी. महिन्याभरानं झाकण उघडलं, आतून स्वच्छ. माझ्या हिशेबी एका फुकट गेलेल्या ऑइल चेंजचे पैसे इथे वसूल झाले. म्हणून म्हणतो, हा मीटर घाटात राहणाऱ्यांपेक्षा शहरातल्या शहरात पाच-सहा किलोमीटर करणाऱ्यांना जास्त लागू आहे. जाहिरातीत मात्र लडाखचा फोटो.

मार्चमध्ये एक नाटक झालं. वाईहून वर जाताना आकडा ११३ होता तो क्षणात ‘एचआय’ झाला, म्हणजे मोजण्यापलीकडे. गाडी कडेला घेतली. आवाज ठीक, वास नाही, धूर नाही. मेकॅनिकला फोन लावला तर तो म्हणाला, “आवं दादा, तेल काय बेडकागत उड्या मारतंय व्हय? वायर बघा.” बरोबर होतं त्याचं. तेलाचं तापमान एकेक अंशानं सरकतं, वर जातानाही आणि उतारावर खाली येतानाही. वाकून बघितलं तर सेन्सरची वायर सायलेन्सरच्या बेंडजवळ फ्रेमला टेकलेली आणि तिथलं प्लॅस्टिक वितळून तांबं उघडं पडलेलं. वायर बोटानं उचलली की ११३, सोडली की एचआय. वायर थेट अर्थ झाली की रेझिस्टन्स शून्य, आणि शून्य म्हणजे या मीटरच्या लेखी आग. उलट वायर तुटली असती तर त्यानं थंडगार दाखवलं असतं, तो प्रकार जास्त वाईट.

वायर त्या बाजूनं नेली मेकॅनिकनंच, पण ऐकेल तर शप्पथ. त्याचं म्हणणं, कंपनीची वायरच हलकी. तेही खोटं नाही, साधी पीव्हीसीची आहे. शेवटी पाण्याच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून फायबरग्लासची स्लीव्ह मीटरभर आणली, चहाच्या पैशांत. ती चढवून वायर दुसऱ्या बाजूनं, टाकीखालून नेली. हे पहिल्याच दिवशी करून घ्या.

आणखी एक. सेन्सर ड्रेन बोल्टमध्ये असल्यामुळे तेल बदलताना आधी कनेक्टर सुटा करावा लागतो, नाहीतर बोल्ट फिरतो तशी वायर पिळत जाते आणि मुळातून तुटते. सर्व्हिस सेंटरवाले ‘बाहेरच्या वायरला हात लावणार नाही’ म्हणाले, तेव्हा कनेक्टर मी स्वतः काढून देतो आणि शेजारी उभा राहतो. त्यांना ते आवडत नाही.

बरं, काच. पहिल्या जुलैत कासहून परत आलो आणि बघतो तर काचेच्या आत, बाहेर नाही, बारीक दवाचा पडदा. आकड्यातला आठ आहे की शून्य हे कळेना. आयपी ६७ मधला सहा म्हणजे धूळ आत जाणार नाही, आणि सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी नुकसान होण्याइतकं पाणी शिरणार नाही. विक्रेत्याला फोन केला. पलीकडून, “सर, मीटर पावसात वापरला होता का?” मी म्हणालो, मोटरसायकलचा मीटर आहे, पावसात देव्हाऱ्यात नेऊन ठेवू का? मग ईमेल करा, मग फोटो पाठवा, मग व्हिडिओ पाठवा, मग बिल पाठवा. शेवटी उत्तर आलं की हे ‘कंडेन्सेशन’ आहे, ‘वॉटर इनग्रेस’ नाही, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. आत पाणी आहे हे दोघांनाही मान्य, ते आत गेलेलं नाही हे फक्त त्यांना मान्य! सहानुभूती म्हणून पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट दिली. पुढची खरेदी म्हणजे हाच मीटर.

मागून उघडून बघितला. काचेच्या कडेची रबरी रिंग ठीक आहे. वायर बाहेर येते त्या भोकात नुसता एक सैल रबर कोंबलेला. उन्हात मीटर तापला की आतली हवा फुगून तिथून बाहेर जाते, पावसाची सर आली की गार होऊन दमट हवा तिथूनच आत ओढतो. बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी फोडून चार दाणे आत टाकले, भोकाला सिलिकॉन भरला. हिवाळा-उन्हाळाभर काच लख्ख राहिली, इतकी की मी त्यांना माफही करून टाकलं होतं. या जूनमध्ये यवतेश्वरच्या धुक्यात पुन्हा तेच, फक्त थोडं कमी.

सेन्सरला पाचपैकी साडेचार, काचेला अर्धा, फोनवरच्या माणसाला मी आकडा देत नाही. कऱ्हाडच्या मेव्हण्याला हाच हवा होता, त्याला म्हटलं थांब. सेन्सर आणि ॲडॉप्टर सुटे विकतात का ते विचारलंय. विकत असतील तर दोन घेतो, एक त्याला आणि एक वडिलांच्या स्प्लेंडरला, आणि डिस्प्ले दुसऱ्या कुणाचा तरी, ज्याच्या मागचं वायरचं भोक मी दुकानात उभं राहून आधी बघेन.