थ्रीएम ६२०० हाफ मास्क: भट्टीसमोर किती कामाचा?

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात ओतकामाच्या भट्टीवरचा कामगार तोंडाला रुमाल बांधतो, फार तर निळा सर्जिकल मास्क. वाळूची भरड धूळ त्यात थोडीफार अडकते, पितळेचा पांढरा धूर नाही. जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि पितळ त्याच्या आसपासच वितळतं, म्हणून ओतताना जस्ताची वाफ सुटून हवेत तिचं अतिबारीक ऑक्साइड होतं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप, दुसऱ्या दिवशी बरं, हा ब्रास फीव्हर. गनमेटल ८५-५-५-५ (८५ टक्के तांबं, बाकी कथील, शिसं, जस्त पाच-पाच टक्के) असेल तर त्यात शिसं आलंच, आणि शिसं असं रातोरात उतरत नाही. ते हाडांत वर्षानुवर्षं मुरून बसतं.

या धुरासाठी थ्रीएमच्या ६२०० वर, म्हणजे नाक-तोंड झाकणाऱ्या रबरी हाफ मास्कवर, २०९१ चे किरमिजी गोल फिल्टर लावायचे. दर्जा पी१००, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडतात. एन९५ ला हेच प्रमाण ९५. फिल्टरला नावं ठेवायला जागा नाही. धूर आत शिरतो तो कडेने. दोन दिवसांची खुंटं वाढलेली दाढी पुरे होते. ६२०० ही मधली साइज, बारीक चेहऱ्याला ६१०० आणि रुंद चेहऱ्याला ६३०० घ्या. एकाच साइजचे डझनभर आणून वाटणं म्हणजे पैसे वाया.

रोज घालताना दोन्ही फिल्टरच्या मधोमध अंगठे दाबून श्वास आत ओढा, मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. मग पुढची झडप तळहाताने झाकून श्वास हलकेच सोडा, मास्क जरा फुगेल. नाकाशेजारून वारा डोळ्याला लागला किंवा चष्मा धुरकटला, तर पट्टे पुन्हा आवळा.

खरी गोची तंबाखूची. तळहातावर चुना-तंबाखू मळायची, मास्क गळ्यात ओढायचा, चिमूट दाढेत. हाताला लागलेलं शिसं फिल्टरला वळसा घालून थेट पोटात! गळ्यात लोंबणाऱ्या मास्कमध्ये धूळ बसते ती वेगळीच. सारखा काढ-घाल करणाऱ्याला थ्रीएमचाच ६५०० क्यूएल हाफ मास्क बरा, खटक्याने खाली येतो. पण खाली आला तरी आतल्या बाजूला धूळ बसायची ती बसतेच, आणि हात धुण्याला त्यानेही पर्याय मिळत नाही.

फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला थर फाटतो आणि साचलेली धूळ पुन्हा हवेत उडते. श्वास ओढायला जड जाऊ लागला की जोडी बदला. मास्क फिल्टर काढून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, झाकणाच्या डब्यात ठेवा. झडपेची पातळ रबरी चकती वाकडी झाली असेल तर धूर तिथूनच येतो, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही.

क्युपोलाच्या (बीड वितळवायच्या कोकच्या भट्टीच्या) कार्बन मोनॉक्साइडला हा मास्क अजिबात अडवत नाही, तिथे वायुवीजनच हवं. कामाचे कपडे कारखान्यातच बदला. घरी गेलेली धूळ रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते, आणि त्याच्या मापाचा हाफ मास्क मिळत नाही.