मॉलमधली परीक्षा की वावरातली?

पैशाच्या चिंतेनं डोकं खरंच मंदावतं का? अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांनी मिळून हे दोन तऱ्हांनी तपासलं. शोधनिबंध २०१३ चा.

पहिली तऱ्हा न्यू जर्सीच्या मॉलमधली. गाडी दुरुस्तीला १,५०० डॉलर लागतील असं समजा, म्हणायचं अन् कोडी द्यायची. गरिबांचे गुण घसरले, श्रीमंतांचे नाही. काम झटपट, पण चिंता उसनी.

दुसरी तामिळनाडूत. ५४ गावं, ४६४ ऊस उत्पादक. तोच शेतकरी तोडणीआधी आणि तोडणीनंतर. '५५५' दाखवून विचारायचं, आकडा किती वेळा आलाय? उत्तर तीन, पण तोंडातून पाच निघू पाहतो. तोडणीनंतर गुण वाढले. मला हीच पद्धत पटते. चिंता खरी, आणि माणूस स्वतःशीच ताडला जातो.

फक्त यवतमाळच्या वावरात ती जशीच्या तशी चालायची नाही. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वेचे तीन-चार. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, झालं, पहिला कापूस घरात आला, तरी भाव वाढेल म्हणून तो खोलीतच पडलेला. मग 'आधी' कुठं संपलं? त्यापेक्षा सोयाबीनवाले गाठावेत. सोंगणी-मळणी एकदाच, अन् पोती बहुधा लगेच बाजारात.