टेबल कुठलंही करा, आधी पाय ठरवा

भाच्यानं कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट घेतला आणि पहिल्याच आठवड्यात फोन आला. "मामा, जुन्या काळातलं वाटेल असं लाकडी टेबल करून घ्यायचंय. सहा माणसं जेवायला बसतील एवढं." पाठोपाठ मोबाईलवर सात-आठ फोटो. त्यातल्या काही टेबलांच्या धाटणीत शंभरेक वर्षांचं अंतर होतं, पण त्याच्या लेखी सगळी 'जुनी'च.

मी म्हटलं, पाटाकडं, म्हणजे वरच्या फळीकडं बघू नकोस, पायांकडं बघ. पाट सगळ्यांचा तोच, सहा बाय तीन फूट आणि इंचभर जाड. लाकूड किती आणि कसलं लागणार, मिस्त्री कुठला लागणार, टेबल जिन्यातनं वर जाणार का, हे सगळं पायावर ठरतं. त्याच्या फोटोंत तीन जातींचे पाय होते. चौथी मी सुचवली.

पहिला कातीव पाय, लेथवर फिरवून काढलेला, गोलाव्यांचा आणि खोबणींचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला (1837 ते 1901) हा जाडजूड पाय आपल्याकडं सगळ्यांना लगेच राजेशाही वाटतो. त्यात नवल नाही. मेजर मँटच्या आराखड्यावरचा आपला नवा राजवाडा 1884 चा, म्हणजे त्याच काळातला. शाळेच्या सहलीत तिथं फिरलेल्या पोराच्या डोक्यात 'जुनं' म्हणजे तेच बसतं. करायला हा पाय अवघड नाही. लेथवाला चांगला असेल तर चारही पाय दिवसात होतात आणि एकसारखे होतात. दोन गोष्टी मात्र सांगून ठेवा. वरचा पाच इंच भाग चौरसच सोडायचा, कारण पाटाखालच्या पट्टीचं कुसू, म्हणजे तिच्या टोकाची जीभ, तिथं खाचेत बसतं. आणि नक्षीचा कागद तुमचा द्या. नाहीतर लेथवाला हाताच्या सवयीनं पलंगाचा पाय कातून देतो, आणि मग टेबल जन्मभर पलंगासारखं दिसतं.

दुसरा बाकदार पाय. वर गुडघा बाहेर आलेला, खाली घोटा आत गेलेला. याला क्वीन ॲन म्हणतात. इंग्लंडची ही राणी 1702 ते 1714 गादीवर होती, पण तिच्या नावाची धाटणी पुढं बरीच वर्षं चालली. नंतर याच पायाला खाली गोळा धरलेला पंजा आला. फोटोत भाच्याचा जीव यावरच अडकला होता. दिसतो देखणाच, पण करताना घाम काढतो. तीन इंची चौरस ठोकळ्याच्या दोन लगतच्या बाजूंवर पुठ्ठ्याचा साचा ठेवून रेघा मारायच्या. बँडसॉवर एक बाजू कापायची, निघालेले तुकडे टेपनं परत जागेवर चिकटवायचे, ठोकळा फिरवून दुसरी बाजू कापायची. तुकडे परत का चिकटवायचे, तर दुसऱ्या बाजूच्या रेघा त्यांच्यावर असतात. एवढं झाल्यावर हातात येतो तो चौकटी कडांचा ओबडधोबड पाय. खरा आकार त्यानंतर पटाशीनं आणि कानशीनं काढायचा, तोही चार वेळा सारखा. शिवाय घोट्यापाशी लाकडाचे रेषे तिरके कापले जातात. तिथं रेषा आखूड पडली की ओढाताणीत पाय त्याच जागी मोडतो. वर्षभर प्लाय आणि सनमायकाचं काम करणाऱ्या मिस्त्रीला हा पाय देऊ नका. काम वाईट म्हणून नव्हे, हात वेगळा लागतो म्हणून. मिस्त्री 'जमतंय की' म्हणाला, तरी आधी एकच पाय करून दाखवायला सांगा.

माझं मत विचाराल तर बाकदार पाय दोन फुटी कोपऱ्यातल्या टेबलाला शोभतो. सहा फुटी जेवणाच्या टेबलाला घेतलात, तर निम्मं टेबल खुर्च्यांमागं लपतं आणि मजुरी तेवढी उघडी पडते.

तिसरा सरळ निमुळता पाय, अठराव्या शतकाच्या अखेरचा, हेपलव्हाइट या इंग्रज सुताराच्या नावानं ओळखला जाणारा. हेपलव्हाइट वारला 1786 मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या पन्नास वर्षं आधी. तरीही यांतला सगळ्यांत आजच्या घरातला वाटणारा पाय हाच. वर दोन इंच, खाली एक इंच. खुबी एवढीच की निमुळता करायचा तो आतल्या दोनच बाजूंनी. बाहेरच्या दोन बाजू ओळंब्यात सरळ. चारही बाजूंनी घासला की टेबल नाचरं दिसतं. करवत आणि रंधा एवढ्यावर हा पाय होतो, आणि एखादा बिघडला तर तासाभरात दुसरा.

चौथा कॅम्पेन धाटणीचा. ब्रिटिश अधिकारी छावणीबरोबर हलवत ते फर्निचर: कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, पाय आट्यांनी फिरवून सुटणारे. हा कोल्हापुरात सोपा पडतो, कारण आट्यांच्या लोखंडी बैठका उद्यमनगरात लेथवर पाहिजे त्या मापाच्या करून मिळतात. जिना अरुंद असेल किंवा घर भाड्याचं असेल तर दुसरा विचारच करू नका.

आता लाकूड. पाट सव्वा इंची फळीतनं काढायचा धरला तर पावणेदोन ते दोन घनफूट, पाटाखालच्या पट्ट्यांना चार दशांश. पायांचं गणित असं: निमुळत्याला पाव घनफूटाच्या जरा वर, बाकदाराला सहा दशांश, साडेतीन इंची कातीवाला साधारण पाऊण ते एक. घट म्हणून वर तिसरा हिस्सा धरा. म्हणजे निमुळत्या पायांचं टेबल साडेतीन घनफुटांत आणि कातीव पायांचं चारच्या आसपास. एवढ्या फरकासाठी कुणी धाटणी बदलू नये. खरा फरक जाडीचा आहे. हवेत वाळायला इंचाला वर्ष असा ढोबळ हिशोब असतो. तीन-साडेतीन इंची ताजा सागवान बाहेरनं वाळलेला आणि आतनं ओला असतो, आणि घरात आल्यावर पायाला उभी चीर जाते. म्हणून जाड पायांचं टेबल करायचं असेल तर मोडीचं लाकूड बघा. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया विकायला येतात. कित्येक वर्षं माळ्याखाली वाळलेला तो सागवान नव्या फळीला हार जात नाही. कापण्याआधी मात्र लोहचुंबक फिरवा. मी एकदा नाही फिरवला. आत मोडलेला खिळा निघाला आणि करवतीचे दात गेले. पातं मिस्त्रीचं होतं, भरून मी दिलं.

शिसवाचा मोह अनेकांना होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बनून परदेशी जाणारं काळं नक्षीदार फर्निचर शिसवाचंच. पण शिसव जड, महाग, तोडीला आणि वाहतुकीला परवानगी लागणारं. कागद दाखवत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. घरातल्या जुन्या शिसवी पलंगाचं लाकूड असेल तर गोष्ट वेगळी.

पाय कुठलाही घ्या, पाटाचं दुखणं सगळ्यांना एकच. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. एप्रिलचा कोरडा वारा आणि जुलैची झड यांत तीन फुटी सागवानी पाटानं चार टक्के ओल घेतली, तर तो पाव इंच फुगतो. माझ्या पहिल्या टेबलाला पाट हलायला नको म्हणून मीच हट्टानं खालनं आडव्या पट्ट्या फेविकॉल लावून स्क्रूनं आवळायला लावल्या. मिस्त्री नको म्हणत होता. दुसऱ्या उन्हाळ्यात रात्री फाटकन आवाज आला. आम्हाला वाटलं, स्वयंपाकघरात काही पडलं. सकाळी बघतो तर पाटाच्या मधोमध हातभर चीर, पाच रुपयांचं नाणं उभं जाईल एवढी. आता मी पट्टीच्या आतल्या बाजूला खाच पाडतो आणि लाकडी बटणं बसवून घेतो. बटण पाटाला स्क्रूनं बसतं, त्याची जीभ खाचेत सरकती राहते. पाट घट्टही राहतो आणि श्वासही घेतो. खण ठेवणार असाल तर तोच नियम: मे महिन्यात तंतोतंत बसवलेला खण श्रावणात उघडत नाही.

पॉलिशमध्ये जुनेपणाचा आग्रह मी सोडून दिलाय. स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचं फ्रेंच पॉलिश लिहिण्याच्या टेबलाला द्या, त्याची झळाळी दुसऱ्या कशाला नाही. पण जेवणाच्या टेबलावर तांबड्या रश्श्याचं पातेलं एकदा ठेवलंत की पांढरं वर्तुळ उमटलंच. तिथं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश द्या, नाहीतर जवसाचं तेल. तेल ओरखड्यावर परत चोळता येतं, पीयूचा ओरखडा तसाच राहतो. तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

शेवटी भाच्यानं निमुळते पाय घेतले. दोन दिवस बाकदार पायाचे फोटो परत परत पाठवत होता. मग त्याच्या बायकोनं विचारलं, "त्या घोट्यापाशी रोज फडकं कोण मारणार?" विषय संपला. पाट एका मोडीच्या तुळईतनं निघालाय, फळ्या माझ्या माडीवर काड्या घालून थर लावून ठेवल्यात. पाऊस सरून दिवाळी झाली की जोडायला घेऊ. तोवर तो सहा जणांना जमिनीवरच वाढतोय.