छातीतील धडधड आणि भावना : कोणत्या सिद्धांताचा आधार घ्यावा?

परीक्षेच्या भीतीवर प्रकल्प करणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने सैद्धांतिक आधार आधी ठरवावा, कारण छातीतील धडधड हे भीतीचे मूळ मानायचे की तिची केवळ सोबत, यावर प्रश्नावलीपासून मोजमापापर्यंत सारे अवलंबून असते.

विल्यम जेम्स (१८८४) आणि कार्ल लांगे (१८८५) यांच्या मते शरीरातील बदल आधी घडतात आणि त्यांची जाणीव म्हणजेच भावना. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये त्यावर घेतलेले आक्षेप मला आजही वजनदार वाटतात : आंतरेंद्रियांतील बदल मंदगतीने होतात, राग आणि भीती यांत ते बरेचसे सारखे असतात, आणि अ‍ॅड्रेनॅलिन हे ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारे संप्रेरक टोचून ते घडवून आणले तरी खरी भावना सहसा जागी होत नाही. शरीराची प्रतिक्रिया आणि भावनेचा अनुभव मेंदूकडून एकाच वेळी सुरू होतात, असे कॅनन आणि फिलिप बार्ड यांनी मांडले; थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागावर त्यांनी दिलेला भर मात्र पुढे टिकला नाही.

विद्यार्थ्यांना सर्वाधिक भुरळ पडते ती स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांच्या १९६२ च्या प्रयोगाची. दृष्टीवरील परिणाम तपासण्यासाठी ‘सुप्रॉक्सिन’ नावाचे जीवनसत्त्व देत आहोत, असे सांगून त्यांनी काहींना अ‍ॅड्रेनॅलिन टोचले; त्यातल्या काहींना होणारी धडधड आणि थरथर आधीच सांगितली, काहींना सांगितली नाही, आणि मग शेजारी कागदाची विमाने उडवणारा आनंदी किंवा चिडचिड करणारा साथीदार बसवला. कारण ठाऊक नसलेले शारीरिक उत्तेजन परिस्थितीनुसार विशिष्ट भावना म्हणून ओळखले जाते, हा त्यांचा निष्कर्ष आकर्षक आहे. पण साधे सलाइन टोचलेल्या गटापासूनचा फरक स्पष्ट नव्हता आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पुनर्प्रयोगांतून त्याला दुजोरा मिळाला नाही. शिवाय परीक्षार्थीला धडधडीचे कारण पक्के ठाऊक असते, त्यामुळे या विषयापुरता तो आधार तोकडाच पडतो.

म्हणून माझा कौल रिचर्ड लाझारस यांच्या मूल्यमापन-सिद्धांताला आहे. समोरच्या प्रसंगात आपले काय पणाला लागले आहे आणि त्याला तोंड देण्याची आपली कुवत किती, या दोन प्रश्नांची व्यक्तीने मनोमन दिलेली उत्तरे त्यात भावनेचे स्वरूप ठरवतात. लीबर्ट आणि मॉरिस यांनी १९६७ मध्ये परीक्षेच्या चिंतेचे ‘काळजी’ आणि ‘शारीरिक उत्तेजन’ असे दोन घटक वेगळे केले, आणि गुण घसरण्याशी काळजीचेच नाते अधिक घट्ट असल्याचे संशोधनातून दिसत आले आहे. नाडीचे ठोके जरूर मोजावेत, मात्र त्याच बैठकीत विद्यार्थ्याच्या मनातले विचारही टिपून घ्यावेत.