नंबर काढायचाय? चष्म्याचं दुकान, ऑप्टोमेट्रिस्ट की डोळ्यांचे डॉक्टर?

आमच्या सासूबाईंचा वाचायचा चष्मा पासष्टीनंतर अचानक सुटला, बिनचष्म्याचा पेपर वाचायला लागल्या आणि अख्ख्या सोसायटीला सांगून आल्या की गाजराचा रस लागू पडला. लांबचं मात्र धूसर, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्षात दोनदा नंबर बदलून आणला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तर मोतीबिंदू! तो पिकताना कधीकधी मायनस नंबर वाढतो आणि जवळचं थोडे दिवस छान दिसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दुकानदाराला बोल लावत नाही, त्याचं काम फ्रेम-काचा नीट बसवणं, प्रोग्रेसिव्ह काच (लांबचं-जवळचं एकाच काचेत, मध्ये रेघ नाही) असेल तर बाहुल्यांमधलं अंतर अचूक घेणं, आणि ते चांगलं करणारा माणूस सोन्यासारखा. फक्त कॉम्प्युटरमध्ये बघून जो आकडा छापून येतो तो अंदाज असतो, त्यावरच काचा करू नका, पुढे ट्रायल फ्रेम घालून "हे बरं की आधीचं" विचारलं पाहिजे.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे इंटर्नशिप धरून चार वर्षांची डिग्री केलेला. नंबर, कॉन्टॅक्ट लेन्स, आळशी डोळ्याचे व्यायाम यात ही मंडळी मुरलेली असतात, डोळ्याचं प्रेशरही बघतात आणि काही गडबड वाटली तर पुढे पाठवतात. ऑपरेशन करत नाहीत. चाळिशीचा साधा चष्मा लागला असेल, बाकी तक्रार नसेल, तर माझ्या मते इथे जा. फक्त दुकानात पांढरा कोट घातलेला प्रत्येकजण ऑप्टोमेट्रिस्ट नसतो, शिक्षण विचारायला लाजू नका.

डॉक्टर म्हणजे एमबीबीएस करून वर डोळ्यांचं एमएस, डीएनबी किंवा डिप्लोमा. त्यातही पडदा (डोळ्याच्या आतला, म्हणजे रेटिना), काचबिंदू, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) असे वेगळे स्पेशालिस्ट. काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसू शकतं आणि कडेची नजर गुपचूप जाते, त्यामुळे घरात कोणाला असेल तर नुसता नंबर काढून समाधान मानू नका. डायबेटिसवाल्यांनी काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायचाच. लहान मुलाचा पहिला नंबरही बाहुली मोठी करायचे थेंब टाकूनच काढायचा, कारण मुलं डोळ्यावर जोर देऊन नंबर लपवतात (मुद्दाम नाही हो). आणि अचानक वीज चमकल्यासारखं झालं, ढीगभर काळे ठिपके आले, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटलं तर दुकान-बिकान विसरा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

गावाकडे ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, ते सर्जन नसतात पण नंबर काढतात, मोतीबिंदू ओळखून ऑपरेशनला पाठवतात. खर्च परवडत नसेल तर आधी तिथेच जा.

जाताना जुना चष्मा न्या, आणि थेंब टाकणार असतील तर गाडी चालवायला कोणीतरी सोबत घ्या, काही तास सगळं भगभगीत दिसतं.