कोल्हापुरात राजारामपुरीतला कुत्र्यांचा दवाखाना: बिनधास्त जावा

आमच्या शेरूनं खाणं सोडलं तेव्हा शेजारच्या काकूंनी हा दवाखाना सांगितला. डॉक्टर मॅडमनी सुई काढायच्या आधी त्याचे कान उलटून बघितले, पंजांच्या बेचक्या चाचपल्या. गोचीड तिथंच चिकटलेली. हिरड्या पांढरट दिसल्या म्हणून लगेच रक्त तपासलं, तर प्लेटलेट घटलेल्या. गोचीड तापच निघाला. डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा, गोळी भरल्या पोटी द्यायची आणि कुत्रं उड्या मारायला लागलं तरी मधेच बंद करायची नाही, हे मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं.

घरात रविवारी तांबडा रस्सा होतो म्हटल्यावर तर स्पष्टच म्हणाल्या, "त्यातला घाससुद्धा याला नको. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजलेलं हाड आतड्यात रुततं. बिनमसाल्याचं मटण आणि भात घाला." एवढं समजावून सांगणारं माणूस सहजासहजी मिळत नाही हो!

संध्याकाळी गर्दी फार असते, बसायला जागा कमी, कुत्री एकमेकांवर गुरगुरतात. सकाळीच जावा. फी वाजवी आहे. शेरू आता रंकाळ्यावर मलाच ओढत नेतोय. जुने रिपोर्ट असतील तर सोबत न्या, मॅडम ते नीट वाचतात.