लुकर स्टुडिओवर आमच्या दुकानाची ग्राहकयादी

सांगलीला आमचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. काउंटर नवरा आणि दीर बघतात. बिलिंग आणि ग्राहकांची यादी माझ्याकडे. ती यादी किती खरी आहे हे बघायला मी गूगलच्या लुकर स्टुडिओवर डॅशबोर्ड केला, म्हणजे यादीतली माहिती तक्त्यांत दाखवणारं ऑनलाइन पान. 2022 पर्यंत याचं नाव डेटा स्टुडिओ होतं. साध्या वापराला पैसे पडत नाहीत, गूगलचं खातं पुरतं.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून कस्टमर मास्टर, म्हणजे ग्राहकांची मूळ यादी, एक्सपोर्ट करायचा, गूगल शीटमध्ये टाकायचा आणि ती शीट लुकरला जोडायची. मोबाईलचा रकाना लुकर साधे आकडे समजतो आणि नंबरांची बेरीज करून दाखवतो. आधी त्याचा प्रकार टेक्स्ट करा, मगच पुढे जा.

पहिला तक्ता मी तालुक्यांचा केला. सांगली जिल्ह्यात तालुके 10, माझ्या तक्त्यावर पट्ट्या 23! तासगाव वेगळं, अनुस्वारवालं तासगांव वेगळं. तालुका खानापूर, पण तहसील विट्याला, म्हणून निम्म्या लोकांनी विटा सांगितलेलं. वाळवा आणि इस्लामपूरचं तेच. लुकरमध्ये सूत्र लिहून ही नावं एकत्र दाखवता येतात, पण मी ते केलं नाही. तक्ता नीट दिसला असता आणि यादी होती तशीच राहिली असती. त्यापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये तालुका टाइप करायचा रकाना काढून 10 नावांचा ड्रॉपडाउन लावून घेतला.

मोबाईलच्या तक्त्यात सगळ्यात वर आला 9999999999. दीडशेच्या आसपास ग्राहक या एका नंबरावर! नंबराशिवाय बिल पुढे सरकतच नव्हतं, आणि हंगामात काउंटरला गर्दी असताना नंबर पाठ नसलेल्या माणसाला कोण थांबवून ठेवणार? ती सक्तीही काढली.

त्याच्या खाली एकेका नंबरावर दोन-दोन, तीन-तीन नावं होती. ती डुप्लिकेट धरून मी यादी काढली आणि दिरांना विचारलं, "भाऊजी, ही एकत्र करून टाकू का?" त्यांनी पहिल्या नंबरावर बोट ठेवलं. "वहिनी, थांबा. हे तिघं भाऊ आहेत. सातबारे वेगळे, फोन तेवढा एकाचा."

ठिबकच्या अनुदानाला सातबारा ज्याच्या नावावर, बिलही त्याच्याच नावाचं लागतं. मी नावं एकत्र केली असती तर दोन भावांची खाती गेली असती. तेव्हाच मला गेल्या वर्षीचे एक आजोबा आठवले. बिलाची घडी उलगडून काउंटरवर ठेवत म्हणाले होते, "बाई, रान माझ्या नावावर, मग बिल पोराच्या नावानं कसं?" माझ्याकडूनच चुकलं असं समजून मी माफी मागितली आणि बिल बदलून दिलं. आता उलगडा झाला. बिल करताना नंबर टाकला की आमचं सॉफ्टवेअर त्या नंबरावरचं पहिलं नाव उचलतं. सेटिंगच तसं होतं, आणि वर्षभर मी माझ्या टायपिंगला बोल लावत होते. आता ग्राहक नाव आणि गावावरून शोधतो.

लुकर चूक दाखवतो, दुरुस्त करत नाही. त्यासाठी परत सॉफ्टवेअरमध्येच जावं लागतं. शीट बदलली तरी डॅशबोर्डवर यायला साधारण पंधरा मिनिटं जातात, घाई असेल तर रिफ्रेश करा. आणि डॅशबोर्ड कुणाला पाठवणार असाल तर त्यात फक्त संख्या ठेवा. नावं आणि नंबर लोकांनी आपल्याला बिलापुरते दिलेत, ते लिंकवरून फिरता कामा नयेत.

गावाचा रकाना रिकामा असलेल्या 212 नोंदींपैकी 38 उरल्यात. ज्यांचे नंबर आहेत त्यांना रोज दुपारी जेवणं झाली की फोन लावते. बाकीचे फिल्टरची जाळी न्यायला येतील तेव्हा विचारून घेईन.